गादीची दहाची वेळ

३ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. तू रागावली असशील तर हा दुप्पट धरावा.

मी ठीक आहे, फोन ठीक नाही. सध्या एका फेरीबोटीवर तिकिटं फाडायचं काम करतो. परवा पाण्यात काहीतरी उडी मारून गेलं. मासा एक होता की दोन, ते बघायला मी कठड्यावरून वाकलो आणि खिशातला फोन सरळ तळाला गेला. दोन होते. हे मी आता खात्रीने सांगू शकतो, एवढाच काय तो फायदा.

म्हणून पत्र. लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला जगात फक्त तुझ्या दुकानाचा पत्ता पाठ आहे, कारण तुझी पाटी रंगवताना मी तोच तीनदा चुकवला होता.

कॅलेंडर कसं चाललंय? मला त्याचा फार अभिमान आहे, म्हणून विचारतो. निघायच्या आदल्या रात्री बसून तुझा भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि गावातली सगळी कुत्री टॅबलेटमध्ये भरली, ती काय चेष्टा होती? एकदा भरलं की पुढे आपोआप येत राहतं. हे कुत्रं दर चार आठवड्यांनी, ते दर सहा आठवड्यांनी, कुत्रं जगेल तोवर. आदल्या संध्याकाळी मालकाच्या मोबाइलवर आठवण जाते. तुला फक्त बघायचं आणि केस कापायचे. त्यात बदल करायची परवानगी तुला दिलेली नाही, ते मुद्दाम. शाम्पूच्या हाताने तू त्याच रात्री अख्खा आठवडा पुसून टाकला होतास.

शेवटचं कुत्रं भरेपर्यंत उजाडलं आणि माझी बस सुटत होती. कुठलं ते आठवत नाही. मोठं होतं. ते बरोबर पडलंय ना?

ही बोट मोठी गमतीची आहे. कप्तानाला पोहता येत नाही. पण ते पुढच्या पत्रात, आता भोंगा झाला.

तुझा
भोवरा


१४ मार्च

चि. भोवऱ्या,

आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, पण पत्राची सुरुवात कशाने तरी करावी लागते.

कुत्रं मोठं होतं म्हणतोस. होतं. आता नाही.

ती गादी होती. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची गादी. पांढरी, दारातून आत यायला तिरकी व्हायची, ती. तिची वेळ सहा आठवड्यांनी एकदा. तू घातलीस रोज. रोज सकाळी दहा, आणि शेवटची तारीख नाही. मी बोटाने सरकवत सरकवत पुढच्या वर्षात गेले, त्याच्या पुढच्या वर्षात गेले, गादी आहेच. मी दुकान बंद करीन, मरेन, आणि दहा वाजता गादी येईल.

सोमवारी मी तिला नीट कापली. मंगळवारी दहाला डॉक्टरीणबाई पुन्हा दारात. म्हणाल्या, तुमची आठवण आली, म्हणजे काहीतरी राहिलं असणार. आता मी काय बोलणार? लोक वेळेवरून हुज्जत घालतात म्हणून मीच दाराला पाटी लावलेली: कॅलेंडर सांगेल ती वेळ, वाद घालू नये. आणि 'आमचं चुकलं' हे शब्द आपल्या घराण्यात कुणाच्या तोंडून निघत नाहीत. तुझ्या बापाच्या निघाले नाहीत, माझ्या कुठून निघणार? म्हटलं, हो, कानामागे राहिलंय. थोडं कापलं. बुधवारी शेपटी काढली. गुरुवारी पोट. शुक्रवारी दोन्ही बाजू सारख्या दिसेनात म्हणून डावीकडून कमी केलं, शनिवारी उजवीकडून. गादीची उशी झाली, आता उशीचा रुमाल होत आलाय. काल कापायला काही उरलंच नव्हतं, तर मी हवेत कात्री चालवली, नुसता आवाज यावा म्हणून. गादी वळून माझ्याकडे बघत होती.

बाई पण अशी की एका शब्दाने विचारत नाही. मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसते आणि बघते. मला तिची धास्ती वाटते, तुला ठाऊक आहे. लहानपणी मी दातांच्या खुर्चीतून उठून पळाले होते आणि तोंडात कापूस घेऊन चुकीच्या बसमध्ये बसले होते. अजून तिच्या दवाखान्यावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते. आणि तीच बाई आता रोज माझ्यासमोर, माझ्या तोंडाकडे बघत. मी ओठ मिटून बोलते. तसंही हल्ली मी पाव चहात बुडवून खाते, तो तसाच चांगला लागतो.

ताबडतोब काहीतरी कर.

आत्या

ता. क. पाण्यावर वाकू नकोस. फोन गेला तो गेला.


२५ मार्च

ती. आत्या,

नमस्कार, आणि गादीलाही माझा नमस्कार सांग.

बोट सोडली. कप्तानाचं सांगायचं राहिलं, ते राहू दे. आता एका उंच हॉटेलच्या काचा बाहेरून पुसतो. दोरीला पाळणा असतो, त्यात उभं राहायचं. काल एका खोलीत एक माणूस रिकाम्या खुर्चीसमोर भाषण करत होता. रडला, हात जोडले, मग पुन्हा पहिल्यापासून. मी एकच काच इतका वेळ पुसली की तो येऊन मला विचारून गेला, कसं वाटलं? मी अंगठा दाखवला. आता मला झोप लागत नाही, की त्या खुर्चीचं शेवटी काय ठरलं.

तर गादी. इथे एक वाचनालय आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर बसता येतं. पत्र मिळाल्या मिळाल्या गेलो. कॅलेंडर उघडायला पासवर्ड हवा, तो फोनबरोबर माशांकडे गेला. मग मशीन म्हणालं, ठीक आहे, ओळख पटव: तुझ्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? मला काही आठवेना. आपल्या घरात माझ्याशिवाय कुणी काही पाळलंय का? मी अंदाजाने दोनचार नावं टाकली. शेवटी तर स्वतःचंच टाकलं. मशीनने मला काही दिवस दाराबाहेर उभं केलंय.

तुला आठवत असेल तर लगेच कळव. मला खरंच वाईट वाटतंय. तुझ्यासारख्या बाईने रोज दातांच्या डॉक्टरसमोर बसायचं म्हणजे शिक्षाच आहे. धीर धर. मी तुझी सुटका केल्याशिवाय हे गाव सोडणार नाही.

भोवरा


६ एप्रिल

चि. भोवऱ्या,

एक्सप्रेस. तू आठवडाभर एक गोगलगाय पाळली होतीस, तिचं नाव एक्सप्रेस. तुझ्या हातून हरवली. गोगलगाय हरवणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता बाकीचं.

गादीचे केस मी पोत्यात भरून ठेवले होते. त्यांची एक जाड उशी शिवली आणि डॉक्टरीणबाई बसतात त्या खुर्चीवर टाकली, लाकडी खुर्ची त्यांना टोचते म्हणून. पण ती गादीने बळकावली. म्हणजे ती आता स्वतःवरच बसते. बाई स्टुलावर.

कारणं तर केव्हाच संपली. नखं झाली, कान झाले, पंजे झाले. एक दिवस मी शेपटीची दिशा तपासली. गेल्या सोमवारी बाईंनी आल्या आल्याच विचारलं, आज काय राहिलंय? म्हटलं, आज निरीक्षण. बाई म्हणाल्या, ते महत्त्वाचं असतं. मग आम्ही दोघींनी बसून गादीचं निरीक्षण केलं. ती झोपली. मी चहा टाकला. एक कप फुटलाच तर असावा म्हणून मी मध्यंतरी दुसरा कप आणला होता, तो उपयोगी पडला.

बाई बोलायला लागली की थांबत नाही रे. समोरचा शिंपी, वरच्या मजल्यावरचं बाळ, तिच्या बहिणीचा दुसरा नवरा, जो पहिल्यापेक्षा बरा आहे पण शिट्ट्या वाजवतो. आणि मीही उत्तरं देते. आता तर मीच विचारते, काल शिट्टी वाजवली का? परवा मी इतक्या जोरात हसले की गादी दचकून खाली पडली. हसताना डावा गाल धरावा लागतो, ते एक सोड. बाईंच्या लक्षात येऊ नये म्हणून मी उजवी बाजू पुढे करून बसते.

दहा कधी वाजतात याकडे माझं लक्ष असतं, असं शेजारची फुलवाली म्हणते. तिला काय कामं आहेत?

आत्या

ता. क. तुझं ते सुटकेचं. काही घाई नाही. तुला तिथे काम असेल तर आधी ते कर. उन्हाळा गेला तरी चालेल. खरं तर राहूच दे.


१५ एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार. झालं. तुझं काम फत्ते.

पोस्टातच पत्र फोडलं, पहिली ओळ वाचली आणि तसाच पळत वाचनालयात गेलो. एक्सप्रेस लिहिलं आणि दार उघडलं. बिचारी गोगलगाय, शेवटी कुठेतरी वेळेवर पोहोचली. कॅलेंडरमध्ये गादीवर बोट ठेवलं, म्हटलं काढून टाक. मशीनने विचारलं, फक्त आजची की यापुढच्या सगळ्या? मी म्हटलं, माझी आत्या आहे, सगळ्या. मग विचारलं, निमंत्रितांना कळवायचं का? म्हटलं, कळवायला हवं, आपण काही रानटी नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंना तुझ्या दुकानाच्या नावाने निरोप गेला, की तुमच्या यापुढच्या सर्व भेटी रद्द करण्यात आल्या आहेत.

येताना रस्त्यात एक जण पियानो जिन्यावरून चढवत होता, त्याला हात दिला. त्याला तिसऱ्या मजल्यावर न्यायचा होता आणि आम्ही चौथ्यावर नेला, त्यामुळे वेळ गेला. आता त्याच जिन्यात बसून

आत्या, बाकीचं पत्र आत्ता वाचलं.

दुसरा कप. अगं आत्या.

मी परत पळत गेलो, वाचनालय बंद झालं होतं. उद्या सुट्टी आहे. परवा सगळं होतं तसं घालतो. पण त्यात काय लिहू, ते कळव. केस कापणे असं आता लिहिता येणार नाही, त्या कुत्रीकडे बघून कुणाचा विश्वास बसेल? तू सांगेपर्यंत थांबतो.

भोवरा


२३ एप्रिल

चि. भोवऱ्या,

आशीर्वाद.

परत काही घालू नकोस.

पहिल्या दिवशी मी चहा टाकून बसले. वाटलं, दवाखान्यात उशीर झाला असेल. मग तुझं पत्र आलं. म्हणजे तिला वाटतंय मी तिला येऊ नको म्हटलं, आणि तेही कायमचं, आणि तेही तोंडाने न सांगता.

काल ती रस्त्यावरून जाताना दिसली. पलीकडच्या फुटपाथने गेली. तो माझा फुटपाथ आहे. गादी इकडे ओढत होती, तर तिने दोरी आखडून घेतली.

जाऊन सांगावं म्हणशील तर कुठे जाऊ? तिथे खुर्ची आहे. दारापर्यंत गेले होते एकदा. आतून त्या दात कोरायच्या मशीनचा बारीक आवाज आला आणि माझे पाय आपोआप वळले. फोन करून तरी काय बोलू? जे दोन शब्द बोलायला हवेत ते मला येत नाहीत, तुला सांगितलंय.

दुसरा कप धुऊन आत ठेवला. उशी माळ्यावर टाकली. डावा गाल सुजलाय, वारा लागला असेल. पावसुद्धा नको वाटतो.

तू आता काही करू नकोस. तू केलेलं पाहिलं.

आत्या


२ मे

ती. आत्या,

तू काही करू नकोस म्हणालीस, म्हणून थोडंच केलंय.

आधी तुझी सगळी पत्रं ओळीने वाचली, या वेळी शेवटपर्यंत. बुडवलेला पाव, मिटलेले ओठ, डावा गाल, वारा. आत्या, वारा एका बाजूच्या दाढेलाच लागत नाही. काचा पुसणाऱ्याला वाऱ्यातलं कळतं.

मग वाचनालयात गेलो आणि कॅलेंडरमध्ये एक वेळ घातली. मंगळवार, सकाळी दहा. ठिकाण: तुझं दुकान. काम: दात बघणे. कुणाचे: आत्याचे. निमंत्रित: डॉक्टरीणबाई. पाठवून दिलं. तिकडून उत्तरही आलं, मी अजून खुर्चीतून उठलो नव्हतो: येते.

आता दाराची पाटी बघ. कॅलेंडर सांगेल ती वेळ, वाद घालू नये. अक्षरं माझी आहेत पण शब्द तुझे आहेत. पळायचं ठरवलंस तर निदान या वेळी बसची पाटी वाचून बस.

आणि घाबरू नकोस, एकदाच घातलंय, मुद्दाम नीट बघून. मध्ये फक्त एक कबुतर आत शिरलं, ग्रंथपालबाई टेबलाखाली गेल्या, मग मी ते खिडकीतून बाहेर काढलं आणि येऊन शेवटचं बटण दाबलं.

हे पत्र मिळेल तेव्हा मंगळवार होऊन गेला असेल. तसंच बरं.

भोवरा


१४ मे

चि. भोवऱ्या,

आशीर्वाद, या वेळी मनापासून. पण शेवटपर्यंत वाच. जिन्यात बसून वाचलंस तरी चालेल, फक्त शेवटपर्यंत वाच.

सोमवारी संध्याकाळी टॅबलेटवर आठवण आली: उद्या दहा वाजता, दात बघणे, आत्या. मी तो पालथा घातला. थोड्या वेळाने सरळ केला, तेच होतं. सकाळी दुकान उघडूच नये असं ठरवलं होतं, पण फुलवालीने विचारलं असतं. दहाच्या आधी मी पाटी काढायला दारात गेले. एक खिळा निघाला, दुसरा निघेना. त्या खिळ्याशी झटत असतानाच मागून गादी येऊन माझ्या पायावर बसली. मखमल उगवलीय तिच्या अंगावर.

बाईंच्या हातात काळी पेटी. मी म्हटलं, हे माझ्या भाच्याचे उद्योग आहेत, तुम्ही मनावर घेऊ नका. तिरकी झालेली पाटी त्यांनी सरळ केली आणि म्हणाल्या,

"तुमच्या सगळ्या वेळा मी पाळल्या. माझी एक तुम्ही पाळा."

मी खिळा सोडून आत गेले.

चांगला दिवा कुत्र्यांच्या टेबलावरच आहे, म्हणून मी तिथे चढून बसले. बाईंनी आरसा तोंडात घातला. आणि तेव्हाच, कसं कोण जाणे, ते माझ्या आतून वर आलं. तोंडात आरसा, जीभ एकीकडे, आणि मी बोलले. ते रद्द मी केलं नव्हतं. आमचं चुकलं. पहिल्यापासूनच चुकलं होतं. पण बाहेर पडलं ते नुसतं आं ऊं आं.

बाईंनी आरसा काढला नाही. म्हणाल्या, "कळलं. जन्मभर उघड्या तोंडांचंच ऐकत आलेय."

मग दाढ बघता बघता त्या सांगत राहिल्या. त्यांच्या दवाखान्यातही हेच कॅलेंडर आहे. सहा आठवड्यांच्या जागी रोज पडलंय हे त्यांना त्या पहिल्या मंगळवारीच कळलं होतं, कानामागे काही राहिलेलं नव्हतं हेही. मला विचारता येईना, तर डोळ्यांनीच विचारलं, मग येत का राहिलात? त्या म्हणाल्या,

"दिवसभर मी बोलते आणि समोरच्यांचं तोंड माझ्याच हातात असतं. शिट्टी वाजवली का, असं विचारणारं कुणी नव्हतं."

दाढ काढावी लागली. त्याच दुपारी. दवाखान्यात गेले मी, समोरच्या दाराने, पळाले नाही. गादीला मांडीवर घेऊन बसले होते. घट्ट धरायला तिच्या अंगावर केस नव्हते, हे तुझ्यामुळे, म्हणून तिचा कान धरला. तिने धरू दिला. कापूस तोंडात घेऊन घरी आले, चालत, बरोबर रस्त्याने.

आता ते मुख्य. एकदाच घातलंय म्हणालास ना? बुधवारी दहाला बाई पुन्हा दारात. आठवण आली, म्हणाल्या. गुरुवारीही. मी टॅबलेट घेऊन बोटाने सरकवत गेले, पुढच्या वर्षात, त्याच्या पुढच्या वर्षात. दात बघणे, दात बघणे, दात बघणे. माझे सगळे पडून जातील तरी दहा वाजता दात बघणे आहेच. ते कबुतर की तू, हे मला विचारायचं नाहीये.

उशी माळ्यावरून काढली. कप बाहेरच असतो. बाई आत येताना विचारतात, आज काय राहिलंय? मी म्हणते, निरीक्षण.

तुला आता दार उघडायचा मंत्र माहीत आहे, त्याचीच काय ती भीती. एक्सप्रेसची शपथ आहे तुला, त्या वेळेला हात लावू नकोस. गादीची खरी सहा आठवड्यांची वेळ मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलीय, तुझ्या मशीनच्या शेजारी.

आणि ये की रे घरी एकदा. केव्हाही ये. दहाची वेळ सोडून.

आत्या